रिकाम्या लेनचं कार्ड

सई, मिहिर,

हुरडा हल्ली प्लास्टिकच्या पिशवीत मिळतो. निवडलेला, पाखडलेला, वर वजनाची चिठ्ठी. त्यात एक कूससुद्धा सापडत नाही. मला नीटनेटकेपणा आवडतो हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या मसाल्याच्या डब्यांवरच्या नावांना तुम्ही दोघं लहानपणी हसायचात. पण हुरडा इतका स्वच्छ असला की तो खाताना आपण शेतावर नाही आहोत हे फार लख्ख कळतं. परवा सकाळी असाच पिशवीतला हुरडा तव्यावर परतत होते आणि फोन वाजला. सईचा फोटो आला होता.

सई कॉलेजच्या रेंजवर पालथी झोपली आहे. कानांवर लाल रंगाच्या मोठाल्या वाट्या, हातात पॉइंट टू-टू रायफल, आणि दस्ता डाव्या खांद्याला. खाली तुमच्या बाबानं लिहिलं होतं, ‘आई, बाबांचा नेम हिच्यात उतरलाय बघ.’

फोटो बघता बघता हुरडा करपला. तो करपला म्हणून मी चिडले असं मी कामवाल्या मंदाला सांगितलं. ते खरं नव्हतं.

आपल्या घरात एक समजूत आहे. आजोबा तरुणपणी रायफल क्लबात जायचे, आणि आजी सोबतीला जायची, बहुधा थर्मास घेऊन. ही समजूत कोणी मुद्दाम पसरवलेली नाही. ती भिंतीवर ओल चढावी तशी चढली आहे. आजोबा गेले, आता दुरुस्त करणारं दुसरं कोणी नाही. म्हणून हे लिहिते आहे.

दुष्काळानंतरचा पहिला हिवाळा होता. त्र्याहत्तर साल सरत आलं होतं. आदल्या वर्षी रानात काही उभंच नव्हतं, त्यामुळे त्या वर्षी ज्वारीची कणसं भरली तेव्हा माणसं उगाचच रस्त्याला थांबून शेतांकडे बघत बसायची. मला लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. इंग्रजी घेऊन बी.ए. केलेली सून घरात होती आणि तिचा उपयोग सासऱ्यांची औषधांवरची नावं वाचून दाखवण्यापुरता होता. तक्रार नाही, घर भलं होतं. पण दिवसातून किती वेळा कोणीतरी मला हाक मारतं, हे मला त्या काळात सारखं जाणवायचं. चहा, चावी, पाहुणे, गॅस, पुन्हा चहा.

आजोबा तेव्हा जिल्हा कोर्टात नवे वकील होते. वकील, डॉक्टर, दोन-तीन बागायतदार यांनी मिळून नगरच्या बाहेर टेकडीच्या पायथ्याशी क्लब काढला होता. मातीचा उंच बांध, त्यासमोर लाकडी चौकटी, चौकटींना काळ्या वर्तुळाची कार्डं, कार्डांच्या वर लेनच्या आकड्यांच्या पाट्या, आणि पंचवीस यार्डांवर जमिनीवर फक्कीनं आखलेल्या लेन. दर रविवारी सकाळी. त्या वर्षी कोणाच्या तरी डोक्यात आलं की बायकांनाही घ्यावं, कारण पुण्याच्या स्पर्धेत महिलांचा गट होता आणि आपल्या जिल्ह्याचं नाव त्यात नसायचं. दोघींना पाठवायचं ठरलं.

आजोबा मला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. सहावारी साडी, वर त्यांचा जुना स्वेटर, पदर कमरेला घट्ट. सासूबाईंनी एकच अट घातली होती: पालथं झोपायचं असेल तर पायांवर चादर पाहिजे. त्यामुळे आम्ही तिघी बायका एका रांगेत, कमरेखाली चादरी पांघरून, हातात रायफली घेऊन पडलेल्या. आजोबा म्हणायचे, सरकारी दवाखान्यातल्या वॉर्डानं बंड केल्यासारखं दिसतं.

तिघींपैकी कुसुमताई मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. त्यांचा नेम पहिल्या दिवसापासून पक्का होता. त्या पुण्याला जाणार हे ठरल्यासारखंच. उरलेली एक जागा माझी किंवा मालतीबाईंची. मालतीबाई डॉक्टरांच्या पत्नी, अतिशय प्रेमळ. गोळी सुटताना दोन्ही डोळे गच्च मिटायच्या आणि मग विचारायच्या, “गेली का हो?”

मला ती जागा हवी होती. हे मी इथे सरळ लिहिते, कारण तेव्हा कोणालाच सरळ सांगितलं नव्हतं. बाईनं ‘हौस म्हणून येते’ म्हणायचं असतं. मी तसंच म्हणत होते.

ते का हवं होतं ते सांगते. पहिल्या रविवारी मी झोपले, दस्ता गालाला लागला. लाकूड गार होतं, त्याला तेलाचा वास येत होता. सतरंजी दवानं ओलसर. दूर कुठेतरी रणगाड्यांचा सराव चालू होता. त्याची घरघर कानांआधी पोटाला कळायची. मग सुभेदारांनी फायरची आज्ञा दिली आणि त्यानंतर कोणी काही बोलेना. कोणी हाक मारेना. नळीच्या टोकाशी माशी, म्हणजे नेम धरायचा तो लोखंडी उंचवटा, तिच्या पलीकडे काळं वर्तुळ, आणि मध्ये माझा श्वास. श्वास सोडला की वर्तुळ किंचित वर चढायचं, अर्ध्यावर धरला की थांबायचं. चाप ओढायचा नाही, त्याच्यावर बोट जड होऊ द्यायचं. पॉइंट टू-टूचा आवाज मोठा नसतो. वाळलेली तुरीची शेंग उन्हात तडकावी तेवढाच. नंतर बोल्ट मागे, पितळेचं छोटं गरम टरफल मनगटाला चाटून सतरंजीवर, जळक्या दारूचा क्षणभर वास. आणि परत शांतता. आयुष्यात मला तोपर्यंत एवढी शांतता कोणी दिली नव्हती. तीही आवाज करून मिळाली, याची गंमत वाटते.

आणि नेम? नेम लागत नव्हता. कार्डाच्या डाव्या कडेला, कधी कार्डाच्या बाहेर, लाकडात.

शिकवणारे सुभेदार शेळके. फौजेतून निवृत्त, मिरजगावचे, शेती सांभाळून रविवारी पहाटेच्या एस.टी.नं यायचे. मिशा कातरलेल्या, आवाज रेंजच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. ते माझ्या डोक्याशी उकिडवे बसले.

“वहिनी, डावा डोळा झाका.”

“झाकलाय.”

“उजवा झाकलाय तुमी.”

मी बदलला. दोन्ही मिटले.

“आता दोनी झाकले. आंधळी कोशिंबीर न्हाई खेळायची आपल्याला.”

पलीकडून मालतीबाई म्हणाल्या, “मला तर तसंच जमतं हो सुभेदार.”

“तुमचं दिसतंय मला, बाई. तुमी गप पडा.”

तर अडचण ही होती. मी जन्माची डावरी. नेवाशाला माझी आजी मी जेवायला बसले की माझ्या डाव्या हातावर फडक्याची पिशवी बांधायची. पुढे नगरच्या इंग्रजी शाळेत बाईंनी तेच काम फूटपट्टीनं पुरं केलं. त्या दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. भेटल्या असत्या तर एकीनं दुसरीच्या हातचं पाणी प्यायलं नसतं. पण माझ्या डाव्या हाताविषयी त्यांचं पूर्ण एकमत होतं. हात बदलला. अक्षर उजव्या हाताचं, तेही वळणदार. तुम्हाला वाढदिवसाच्या पाकिटांवर दिसतं तेच. डोळ्यांकडे मात्र दोघींपैकी कोणाचंच लक्ष गेलं नाही. डोळा डावराच राहिला. तो आपणहून पुढे व्हायचा, माशी धरायचा, वर्तुळ धरायचा, आणि रायफल बिचारी उजव्या खांद्यावर. गोळी डावीकडे जायची.

डावा डोळा एकटा मिटायला मला यायचंच नाही. मी घरी सराव सुरू केला. सकाळी खिडकीशी तांदूळ निवडायला बसायचं आणि निवडता निवडता डावा डोळा मिटायचा, उघडायचा, मिटायचा. आठवडाभरात सासूबाईंनी विचारलं, “डोळ्यात काही गेलंय का ग तुझ्या?” मी हो म्हणाले. त्यांनी गुलाबपाणी घातलं. पुढच्या आठवड्यात त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

“समोरचे तात्या ओसरीवरची खुर्ची आत घेऊन बसायला लागलेत. त्यांच्या सौभाग्यवती आज माझ्याशी बोलल्या नाहीत. तू खिडकीत काय करतेस?”

मी खरं ते सांगितलं. त्यांनी बराच वेळ तांदळाकडे बघितलं.

“भिंतीकडे तोंड करून बसत जा,” म्हणाल्या.

रुमाल बांधून पाहिला. डावा डोळा झाकला तर उजवा कामाला लागायला हवा. पण त्याला आयुष्यात कधी कोणी कामच सांगितलं नव्हतं. त्याला माशी केसाळ दिसायची, वर्तुळ पाण्यात बुडाल्यासारखं. गोळ्या कार्डावर यायला लागल्या, पण आगपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा. मी रात्रंदिवस चिडलेली असायचे. भाकरी थापताना, सासऱ्यांना पेपर वाचून दाखवताना. आपलं काहीतरी उजव्या-डाव्याच्या अदलाबदलीत मधेच अडकून पडलंय आणि ते काढायला कोणी हात लावू देत नाही, असं वाटायचं.

एका रविवारी मी सुभेदारांना विचारलंच. “मी डाव्या खांद्यानं मारू का?”

“बंदूक काय डावीकडनं मारायची चीज हाय व्हय? बोल्ट कुनीकडं हाय बघा.”

“बोल्ट मी हात वरून नेऊन ओढीन.”

“आन् पाय? समद्यांचे पाय डाव्या अंगाला पडत्यात. तुमचे उजवीकडं पडले की मालतीबाईंच्या पायांत गुतले. लाईन म्हंजे लाईन, वहिनी.”

“माझ्या पायांत कुणाचे पाय नकोत बाई,” मालतीबाई म्हणाल्या, “आधीच चादर घसरते.”

खरं सांगू का, मला त्यांचं म्हणणं पटलं. हेच मला आजही सगळ्यात जास्त खुपतं. मी स्वतः सरळ रेषांची बाई. चपला दाराशी जोडीनं, चमचे एका दिशेला, वहीत समास. फक्कीच्या त्या पांढऱ्या रेघा आणि त्यात एकसारख्या पडलेल्या सतरंज्या मला फार सुंदर दिसायच्या. त्या रांगेत बसायचं म्हणूनच तर मी धडपडत होते.

मग हुरडा आला. सुभेदारांनी साऱ्या क्लबाला मिरजगावला शेतावर बोलावलं. बांधाजवळ खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, त्यात कणसं. सुभेदारांच्या पत्नी, त्यांना सगळे काकू म्हणायचे, भाजलेलं कणीस तळहातावर चोळून हिरवे दाणे आमच्या हातांवर ओतत होत्या. हाताला चटका, वर लसणाची चटणी, गुळाचा खडा. नाकात धूर आणि कुसं. केसांत कुसं, साडीला कुसं. घरी जाऊन चार धुण्यांत निघाली नाहीत. तो हुरडा पिशवीत भरता येत नाही.

आजोबांनी आपली छऱ्याची बंदूक आणली होती. काकूंनी दिवाळीतल्या फुटक्या पणत्यांचं टोपलं आणून ठेवलं. “ह्या कानंकोपरं उडालेल्या हायत. फोडा खुशाल.” पुरुषांनी बांधावर पणत्या मांडल्या, थोड्या फोडल्या, बऱ्याच चुकवल्या, आणि सुभेदारांबरोबर विहीर बघायला गेले. बंदूक बाभळीला टेकवलेली राहिली. काकू आणि मी दोघीच होतो.

मी ती उचलली आणि डाव्या खांद्याला लावली.

मिहिर, तू लहानपणी डोळे मिटून पियानोवर हात ठेवायचास आणि आपोआप सूर निघायचा. तसं ते होतं. मला काहीच करावं लागलं नाही. उजवा डोळा आपला आपण मिटला, डाव्यानं माशी धरली, माशीनं पणती. पणती फुटली. दुसरी फुटली. मी जागा न सोडता छरे भरत गेले. लाल मातीचे तुकडे हिरव्या ज्वारीत उडत होते. काकू प्रत्येक पणतीला नुसतं ‘हं’ म्हणत होत्या, पोळी फुगल्यावर म्हणावं तसं. इतकी वर्षं मी उजव्या हातानं जे जे केलं, जेवण, लिखाण, रांगोळी, ते सगळं चांगलं केलं, पण भाड्याच्या घरात राहिल्यासारखं. त्या सकाळी बांधाजवळ मी स्वतःच्या घरी होते.

मागे पाहिलं तर सुभेदार उभे. विहिरीवरून कधी परत आले कळलं नाही. काकू म्हणाल्या, “आवं, ह्यांना जमतंय की. तुमी तर म्हनत हुता, वकिलीणबाईंचा नेम लई वंगाळ.”

सुभेदार तोंडातला हुरडा सावकाश चावत राहिले.

“डावऱ्या हाय व्हय तुमी?”

“जन्मापासून.”

“मंग सांगायचं न्हाई का आदी.”

“सांगतच होते.”

“इचारलं तुमी. सांगितलं न्हाई.” मग म्हणाले, “येत्या ऐतवारी निवड हाय. शेवटची लेन घ्या, डावीकडची. तुमच्या शेजारची मोकळी ठिवतो. पाय कुनीकडं का जाईनात मंग.”

तो आठवडा मी भिंतीकडे तोंड करून बसले नाही.

निवडीच्या रविवारी धुकं होतं, ते उशिरा उठलं. आधी पुरुषांचं झालं. बायकांची पाळी नेहमी शेवटी, ऊन चढल्यावर. डावीकडून पहिली लेन माझी, दुसरी रिकामी, पुढे मालतीबाई, मग कुसुमताई. कार्डं मात्र साऱ्या चौकटींना लागलेली, रिकाम्या लेनलाही, कारण पुरुषांचं आटोपलं की सुभेदार नवी कार्डं ओळीनं लावून टाकायचे.

मी माझ्या लेनपाशी आले. तिथली सतरंजी वाकडी पडली होती. बाकी सगळ्या एका बाजूला कललेल्या, एकसारख्या, आणि माझीच भलतीकडे तोंड करून. मी काय केलं असेल ते तुम्ही दोघं सांगू शकाल. वाकलं की चपला जोडीनं लावाव्यात, तितक्याच सहज मी तिची दोन टोकं धरली आणि ओढून बाकीच्यांच्या रांगेत आणली. मागे सरून बघितलंसुद्धा, बरोबर बसली का म्हणून. बसली होती.

मग झोपले. चादर पायांवर. डावा खांदा. पाय उजवीकडे, मोकळ्या लेनमध्ये, ऐसपैस. अंग सतरंजीवर सैल सोडलं तशी नळी आपोआप एका जागी येऊन थांबली. समोर काळं वर्तुळ, स्वच्छ, कडा कापल्यासारख्या. माशी त्याच्या खाली बरोबर टेकलेली, जराही धडपड नाही. सगळं इतकं सोपं झालं होतं की मी मान वर करून पाटी पाहिलीच नाही. महिनोनमहिने जे मिळवायला झटत होते ते समोर येऊन बसलं असताना मान कशाला वर करायची?

मध्येच मालतीबाईंचं काडतूस अडकलं. सुभेदार तिकडे वाकले. त्यांचं बोलणं लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं. मी माझ्या गोळ्या सोडल्या. एकेक. श्वास, थांबा, बोट जड. बोल्टसाठी उजवा हात खालून काढून वर न्यायचा, परत आणायचा, गालानं दस्ता शोधायचा. शेवटची गोळी सुटली तेव्हा ती कुठे गेली हे मला न बघता माहीत होतं. असं कळतं, सई. तुला आता कळत असेल.

सुभेदार कार्डं काढायला गेले. माझ्या चौकटीपाशी थांबले. कार्ड उजेडाकडे धरलं, उलटं केलं, परत सरळ केलं. मग शेजारच्या चौकटीकडे पाहिलं आणि तिथे जरा जास्त वेळ उभे राहिले. दोन्ही घेऊन आले.

एका कार्डावर काही नव्हतं. छापून आलं तसं कोरं. दुसऱ्याच्या मधोमध सगळ्या गोळ्या एका भोकात जमल्या होत्या. चार आण्याचं नाणं ठेवलं असतं तर झाकून गेलं असतं.

“ह्या कार्डाला भोक न्हाई,” ते म्हणाले. “आन् ह्या कार्डाला मानूस न्हाई.”

मला कळेना. मग त्यांची नजर माझ्या सतरंजीकडे गेली.

“ही सरळ कुनी केली?”

“मी.”

“म्या वाकडी टाकली हुती, वहिनी. तुमच्यासाठी. डावऱ्याचं आंग उलटं पडतं, सतरंजी उलटी पायजे. सरळ सतरंजीवर डावरा झोपला तर नळी शेजारच्या कार्डावर जाती.” “सांगाया पायजे हुतं म्या. वाटलं, दिसंल त्यांना.”

दिसली होती. वाकडी दिसली होती.

आजोबांनी वकिली केली. “सुभेदार, लेन रिकामी होती. तिथं दुसरं कोण मारणार? गोळ्या हिच्याच आहेत हे आंधळ्यालाही कळेल.”

“मला बी कळतंय, वकीलसायेब. पन आपुन रेंजवर हाय. ज्याचं कार्ड त्याचा नेम. उद्या पुन्याला ह्यांनी शेजारनीच्या कार्डात मारल्या, तर तितं तुमी जानार का भांडाया?”

“मग परत मारू दे एकदा.”

“काडतुसं कुठं हायत? हायत ती पुन्यासाठी.” तेही खरं होतं. त्या काळी पॉइंट टू-टूचं काडतूस मिळणं म्हणजे कागदांचे ढीग आणि साहेबांच्या मागे फिरणं.

मीही बोलायला हवं होतं असं नंतर वाटलं, पण काय? सुभेदारांचा नियम बरोबर होता. आजोबांचं म्हणणं बरोबर होतं. सतरंजी वाकडी टाकणं बरोबर होतं. आणि सतरंज्या सरळ घालायला तर मला लहानपणापासून शिकवलं होतं. सगळे बरोबर असताना माझी जागा गेली. भांडायला कोणी सापडत नाही तो राग फार वर्षं टिकतो.

मालतीबाई माझ्याजवळ आल्या, माझा हात धरला, आणि म्हणाल्या, “मला नाही जायचं ग तुझ्याऐवजी.” पण त्यांचे डोळे चमकत होते. मला ते दिसलं, आणि त्यांचा रागही करता आला नाही.

घरी सासूबाईंनी विचारलं, “लागला का नेम?”

“लागला.”

“मग तोंड का असं?”

“शेजारच्या कार्डाला लागला.”

“मग त्या शेजारणीचं भलं झालं म्हणायचं.”

“तिथं कोणी नव्हतं. लेन रिकामी होती.”

सासूबाई पोळी उलटता उलटता थांबल्या. “रिकाम्या जागेवर कशाला मारायचं ग,” म्हणाल्या. अगदी मायेनं म्हणाल्या. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

मालतीबाई पुण्याला जाऊन आल्या. तिथेही त्यांनी डोळे मिटूनच मारलं असावं. निकालाविषयी कोणी काही बोललं नाही. पण त्या माझ्यासाठी एक बातमी घेऊन आल्या. आनंदानं सांगत होत्या, त्यांना वाटलं मला बरं वाटेल. “अगं, तिथं एक मुलगी उलटी झोपून मारत होती. तुझ्यासारखी, डावरी. कोणी काही म्हणालं नाही ग तिला. तिची सतरंजीसुद्धा उलटी. आणि शेजारी माणसं होती बरं का, रिकामी लेनबिन काही नाही.”

“आणि पाय?” मी विचारलं.

“कुणाचे?”

“तिचे. शेजारणीच्या पायांत नाही आले?”

मालतीबाईंनी विचार केला. “लेन रुंद होत्या तिथं,” म्हणाल्या.

आपल्याकडेही झाल्या असत्या. फक्कीच्या रेघा एकमेकींपासून हातभर लांब आखल्या असत्या तर. नुसती फक्की तर होती.

पुढच्या हिवाळ्यात काडतुसं आलीच नाहीत. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तुमचा बाबा पोटात होता, आणि पालथं झोपायचा प्रश्न मिटला. क्लब काही वर्षं रडतखडत चालला. आजोबा जात राहिले. ते साधारणच मारायचे, स्वतःच सांगायचे. पण घरात जो रविवारी सकाळी बाहेर पडतो तो नेमबाज, आणि जी थर्मास भरून देते ती थर्मासवाली. आज त्या टेकडीच्या पायथ्याशी बंगल्यांची वसाहत आहे. मी एकदा रिक्षानं जाऊन आले. बांध होता तिथे कोणाची तरी गच्ची आहे, आणि तिच्यावर पापड वाळत होते, ओळीनं. मला त्या ओळींचा राग आला, हे माझं मलाच नवल.

आता तुमच्या बाबाला मी कळवलं आहे की सईमध्ये उतरलंय ते बाबांचं नाही. त्यानं उलट विचारलं, “तू मारायचीस? कधी सांगितलं नाहीस.” मीही सुभेदारांसारखं म्हणू शकले असते, तू विचारलं नाहीस. म्हणाले नाही. त्यानं हसऱ्या तोंडांची चित्रं पाठवली आणि नंतर लिहिलं, ‘वा आई, म्हणजे तू लपलेली चॅम्पियन.’ नाही. चॅम्पियन नाही. हा शब्द मला नको. एक कार्ड होतं, ते माझं होतं, आणि नियमानं ते कोणाचंच नव्हतं. एवढंच घरात माहीत असावं.

सई, तुझा फोटो मी मोठा करून पाहिला. चष्मा बदलून पाहिला, मंदाला दाखवला, पुन्हा मोठा केला. खांदा छान आहे. कोपर रायफलीच्या बरोबर खाली आहे, ते मला कोणी इतकं नीट शिकवलं नव्हतं. उजवा डोळा तू मिटला आहेस, काही त्रास न होता. हे बघून मला जे वाटलं ते लिहीत नाही. पायांवर चादर नाही. चटई तुझ्या बाजूला, तुला हवी तशी तिरपी आहे. ती तशीच राहू दे. खोलीत काय वाटेल ते आवर, चटईला हात लावू नकोस.

पण ज्यानं कोणी हा फोटो काढला त्यानं वरचा भाग कापला आहे. चौकटी दिसतात, कार्डं दिसतात, कार्डांवरच्या आकड्यांच्या पाट्या मात्र फोटोत नाहीत. तुझी नळी कुठल्या कार्डाकडे आहे ते मला तीन दिवस झाले कळत नाही. झोप नीट लागत नाही. बाकी सगळं सावकाश कळव, परीक्षा, हवा, जेवण. आधी एवढं सांग.

तुझा नंबर किती होता, आणि तू मान वर करून पाहिला होतास का?

आजी